सात दशांश मिलिमीटर : ७८ वर्षांच्या बाईंच्या जठरातल्या गाठीचं प्रकरण

बाई गाठीसाठी आल्याच नव्हत्या, धाप लागते म्हणून आल्या होत्या.

फलटण तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, वय ७८. गावात लहानथोर सगळे त्यांना 'बाई' म्हणतात, म्हणून आमच्या वॉर्डातही त्या बाईच झाल्या. वर्षभरापूर्वीपर्यंत पहाटे देवळात पायी जाऊन येत. आता अर्ध्या वाटेत पारावर बसावं लागायचं. गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, तेव्हा हिमोग्लोबिन ८.४ निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि दोन महिन्यांनी ते जेमतेम ९.१ झालं. 'वयच झालंय आता आईचं,' असं म्हणत मुलगा त्यांना पुण्याला आमच्याकडे घेऊन आला.

हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो, आणि दर वेळी मला त्याचा राग येतो. वयामुळे केस पिकतात, वयामुळे रक्तातलं लोह संपत नाही. पाळी थांबून पंचवीस-तीस वर्षं झालेल्या बाईचं लोह कमी पडतं, तेव्हा रक्त पोटातून कुठून तरी झिरपतंय असं धरून चालायचं आणि ते शोधायचं. नुसत्या लोहाच्या गोळ्या देत राहणं म्हणजे गळक्या टाकीत पाणी ओतत राहणं.

बाईंच्या गोळ्यांच्या पिशवीत आणखी एक धागा सापडला. तीन वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवला होता. तेव्हापासून अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या रोज चालू होत्या. दुसरी गोळी सहसा काही महिने ते वर्षभर पुरते. पण जुनं प्रिस्क्रिप्शन दाखवून दुकानातून तीच पाकिटं महिनोन्‌महिने येत राहिली आणि कुणीच विचारलं नाही. मधुमेह होता, रक्तदाब होता, दोन्ही आटोक्यात.

पोटाची दुर्बीण झाली, मोठ्या आतड्याचीही झाली. मोठं आतडं स्वच्छ होतं. जठरात अ‍ॅस्पिरिनने पडतात तसे बारीक ओरखडे होते. आणि जठराच्या शेवटच्या भागात, जिथून अन्न लहान आतड्याकडे वळतं तिथे, चिकट स्राव पाण्याने धुतल्यावर एक लालसर चकता दिसला. साधारण १८ मिलिमीटरचा, कोटाच्या बटणाएवढा, कडेला जरासा उचललेला आणि मध्ये किंचित दबलेला. स्राव धुतला नसता तर तो सहज नजरेतून सुटला असता. निळ्या-हिरव्या प्रकाशात मोठं करून पाहिलं, तर आजूबाजूच्या अस्तरावरची नक्षी एकसारखी होती आणि चकत्यावर तीच विस्कटलेली, वेड्यावाकड्या केशवाहिन्यांची. दोन्हींच्या मध्ये बांध घातल्यासारखी स्पष्ट रेघ होती. ही रेघ दिसली की कर्करोगाची शंका येते आणि हात आपोआप जपून वागतो.

रक्त या चकत्यातूनच जात होतं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. ओरखडे आणि दोन गोळ्या एवढं कारणही पुरेसं होतं. गाठ त्या शोधात सापडली, इतकंच.

चकत्यातून तपासायला घेतलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आला: जठराचा कर्करोग, पेशी बऱ्यापैकी ठाशीव घडणीच्या, म्हणजे निरोगी पेशींशी साम्य टिकवून असलेल्या. आजूबाजूच्या अस्तरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू होता आणि जठराच्या अस्तराची जागा आतड्यासारख्या अस्तराने घेतलेली होती. वर्षानुवर्षं मुरलेल्या संसर्गाचं ते चिन्ह. सीटी स्कॅनमध्ये लसग्रंथी (लिम्फ नोड) वाढलेल्या नव्हत्या, यकृत स्वच्छ होतं.

मुलगा मला व्हरांड्यात बाजूला घेऊन म्हणाला, 'डॉक्टर, आईसमोर कॅन्सर म्हणू नका. अल्सर म्हणा.' मी दोन दिवस तसंच केलं, आणि ती माझी पहिली चूक. तिसऱ्या दिवशी राउंडला बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला आणि म्हणाल्या, 'डॉक्टर, मी छत्तीस वर्षं पोरांच्या पाट्या तपासल्या. गणित चुकलंय की बरोबर आलंय, ते पाटी बघायच्या आधी तोंडावरून कळायचं मला. तुमचं तोंड चुकलेल्या गणिताचं आहे.' मुलाने मान खाली घातली. मी स्टूल ओढून बसलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला: 'पोट फाडावं लागेल का?'

खरा प्रश्न तोच होता. जठराचा कर्करोग इतका लहान असताना आपल्याकडे सहसा हाती लागत नाही. जपानमध्ये पन्नाशीनंतर दर दोन वर्षांनी दुर्बिणीने तपासणी करण्याची शिफारस आहे. कोरियात चाळिशीपासूनच राष्ट्रीय तपासणी होते. भारतात हा आजार मिझोरमसारख्या राज्यांत जास्त आहे, महाराष्ट्रात त्या मानाने कमी. त्यामुळे अशी तपासणी मोहीम आपल्याकडे नाही. बहुतेक रुग्ण येतात तेव्हा जेवण जात नसतं, उलट्या होत असतात, वजन उतरलेलं असतं, आणि दुर्बिणीतून करण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. बाईंचा चकता वेळेत सापडला तो नशिबाने. त्यामुळे ही संधी वाया जाऊ द्यायची नाही, हे मी मनाशी ठरवलं होतं.

जठराची भिंत थरांची असते. सर्वांत आत अस्तर, त्याखाली सैल ऊतींचा थर, मग स्नायू. लसवाहिन्या, म्हणजे लिम्फ हा द्रव लसग्रंथींकडे नेणाऱ्या बारीक नळ्या, प्रामुख्याने त्या सैल थरात असतात. गाठ अस्तरातच असेल तर ती लसग्रंथींपर्यंत पोचण्याचा धोका जवळजवळ नसतो. सैल थरात उतरली की वाट उघडते. टोकियोतल्या दोन रुग्णालयांतल्या ५,२६५ ऑपरेशन झालेल्या रुग्णांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला आणि या विषयाचा पाया घातला गेला. ठाशीव पेशींची, अस्तरापुरतीच असलेली, व्रण नसलेली गाठ कितीही मोठी असो, अशा ९२९ जणांत एकाच्याही लसग्रंथीत रोग नव्हता. सैल थरात अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी उतरलेल्या, ३ सेंटिमीटरपर्यंतच्या आणि वाहिन्यांत न शिरलेल्या अशा १४५ जणांतही शून्य. तो अर्धा मिलिमीटर, म्हणजे ५०० मायक्रॉन, पुढे आमच्या कामाची लक्ष्मणरेषा झाला.

त्याआधीही दुर्बिणीतून फास टाकून गाठ उपटायची पद्धत होती, पण फासात मोठी गाठ एका तुकड्यात येत नसे. तुकडे तुकडे झाले की कड साफ आहे का आणि खोली किती, हे पॅथॉलॉजिस्टला सांगता येत नाही. मग नव्वदच्या दशकाच्या अखेरीस टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रात टोकाला सिरॅमिकचा बारीक गोळा लावलेली विजेची सुरी आली. गोळ्यामुळे टोक खाली स्नायूत घुसत नाही आणि सैल थर बाजूने कापत जाता येतो. गाठ अख्खी, एका तुकड्यात, कडेच्या निरोगी अस्तरासकट निघते. याला आम्ही ईएसडी (एंडोस्कोपिक सबम्यूकोसल डिसेक्शन) म्हणतो. पोटावर टाका नाही, जठर जागच्या जागी.

पुण्या-मुंबईत हे करणारे हात आता आहेत. बाईंचा चकता वरून पाहता निकषात बसत होता: १८ मिलिमीटर, ठाशीव पेशी, व्रण नाही. खोलीची खात्री मात्र कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय होत नाही. दुर्बिणीच्या टोकाची सोनोग्राफीसुद्धा अशा बारीक हिशेबात चुकते. म्हणून मी आधीच सांगून ठेवलं: 'बाई, काढल्यावर रिपोर्ट असाही येऊ शकतो की हे पुरेसं नाही. तेव्हा ऑपरेशनचा प्रश्न पुन्हा उभा राहील.' हे तेव्हाच सांगितलं होतं, त्याचा पुढे फार उपयोग झाला.

वय ७८ हा आकडा मी निर्णयात जवळजवळ धरलाच नाही. धरलं ते असं: खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत बसायला त्यांना १३ सेकंद लागले. स्वतःचा स्वयंपाक स्वतः करत. वजन वर्षात दोनच किलो उतरलं होतं. अल्ब्युमिन, म्हणजे पोषणाचा अंदाज देणारं रक्तातलं प्रथिन, ३.९. हृदयाच्या इकोत पंपिंग ५० टक्के. नातवाच्या दहावीच्या गणिताचा अभ्यास अजून त्याच घेत होत्या. याच वयाचा, अंथरुणाला खिळलेला, अल्ब्युमिन अडीचवर आलेला माणूस समोर असता, तर हाच चकता तसाच राहू देण्याचा सल्ला मी दिला असता आणि त्यात मला काही वावगं वाटलं नसतं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा हिशेब अवघड होता. ईएसडीनंतर जठरात कृत्रिम व्रण राहतो, त्यातून पुढच्या दोन-चार आठवड्यांत रक्त जाऊ शकतं. जपानी डॉक्टरांनी या धोक्याची एक गुणपद्धत बनवली आहे. अ‍ॅस्पिरिनला १ गुण, क्लोपिडोग्रेलसारख्या गोळीला २, गाठ जठराच्या खालच्या तिसऱ्या भागात असेल तर १. बाईंचे दोन्ही गोळ्यांसकट ४ गुण होत होते, म्हणजे शंभरात साधारण ११ जणांना रक्तस्राव. मी त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन लावला. त्यांनी फाईल मागवली आणि म्हणाले, क्लोपिडोग्रेल दोन वर्षांपूर्वीच थांबायला हवी होती, कायमची बंद करा. अ‍ॅस्पिरिन मात्र एक दिवसही नको थांबवायला. अ‍ॅस्पिरिन थांबवून स्टेंट बंद पडला तर कुणाला तोंड दाखवणार? क्लोपिडोग्रेल गेली की उरले २ गुण आणि धोका सहा टक्क्यांच्या आसपास. आठवडा थांबून तारीख घेतली.

प्रत्यक्ष कामाच्या दिवशी भूलतज्ज्ञांनी पूर्ण भूल दिली, घशात नळी घालून. वयस्कर माणसाच्या फुफ्फुसात पोटातलं पाणी जाणं ही आमची मोठी भीती असते, तिथे अर्धवट गुंगीवर मी समाधान मानत नाही. हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरला, तो शरीरात लवकर शोषला जातो. चकत्याच्या कडेपासून पाच मिलिमीटर बाहेर जळक्या ठिपक्यांचं कडं काढलं. त्याखाली निळा रंग मिसळलेलं द्रावण टोचलं, तसा चकता उशीसारखा वर आला आणि खाली निळसर सैल थर दिसू लागला. मग कड्याबाहेरून गोल चीर, आणि त्यानंतर तो निळा थर थोडा थोडा कापत जाणं. मध्येच एक जाड धमनी आडवी आली, तिला आधी चिमट्यात धरून शेकून मगच पुढे गेलो. ९५ मिनिटं लागली. बाहेर काढलेला तुकडा थर्माकोलच्या पाटीवर ताणून बारीक टाचण्यांनी चारी बाजूंनी टोचला, वरची बाजू कुठली ते लिहिलं आणि फॉर्मॅलिनमध्ये ठेवला. टाचण्या मारायचं काम मी कनिष्ठांवर सोडत नाही. तुकडा आक्रसला किंवा उलटा झाला की पुढचे सगळे आकडे खोटे पडतात.

त्या रात्री बाई भ्रमल्या. 'घंटा झाली, पोरं बाहेर का आहेत?' म्हणून उठून बसल्या. त्यांचा चष्मा नर्सिंग स्टेशनच्या खणात होता आणि सुनेला नियमाप्रमाणे बाहेर बसवलं होतं. सुनेला आत बोलावलं, चष्मा डोळ्यांवर ठेवला, खिडकीचा पडदा सरकवला. पहाटेपर्यंत त्या ठिकाणावर आल्या. झोपेचं इंजेक्शन लागलं नाही. चौथ्या दिवशी घरी सोडलं.

सहाव्या दिवशी संध्याकाळी मुलाचा फोन आला: 'शी काळी होतेय.' ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरने डिस्चार्ज कार्ड उघडलं, त्यात लोहाच्या गोळ्या होत्या. लोहाने शी काळी होतेच. त्याने तसं सांगितलं आणि फोन ठेवला. कार्डावर सही माझी होती. ईएसडीनंतरचे काही आठवडे लोहाच्या गोळ्या बंद ठेवायच्या, म्हणजे काळ्या शीचा अर्थ एकच उरतो, हे मला माहीत असून मी त्या खोडल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेने स्वतः फोन केला. ती म्हणाली, 'गोळीची काळी वेगळी असते, ही डांबरासारखी आहे, चिकट, आणि वास सहन होत नाही. सासूबाईंना उठलं की चक्कर येते.' तिने बारा तासांत जे पाहिलं ते आम्ही फोनवर ऐकून घेतलं नव्हतं. तासाभरात गाडी निघाली. हिमोग्लोबिन ७.२, नाडी ११०. रक्ताच्या दोन बाटल्या दिल्या, पुन्हा दुर्बीण टाकली. व्रणाच्या तळाशी एका वाहिनीचं उघडं टोक होतं, ते चिमट्याने शेकलं. रक्त थांबलं, पुन्हा गेलं नाही. तेव्हापासून आमच्या विभागात ईएसडीच्या डिस्चार्ज कार्डावर लोहाच्या गोळ्या लाल शाईने खोडलेल्या असतात, आणि काळी शी म्हणून फोन आला की रुग्णाला बोलावून घेतात.

दहाव्या दिवशी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला. चारी बाजूंची कड साफ. तळाची कड साफ. लसवाहिन्यांत शिरकाव नाही, रक्तवाहिन्यांत नाही. गाठीचा आकार १९ मिलिमीटर. आणि सैल थरातली खोली ७०० मायक्रॉन.

सात दशांश मिलिमीटर. नखाच्या जाडीच्या जवळपास. पण रेषा अर्ध्या मिलिमीटरवर होती, आणि जपानी मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अशी गाठ बरी झाली असं समजायचं नाही. खालचं जठर आणि लसग्रंथी ऑपरेशनने काढायच्या, हीच पाठ्यपुस्तकी शिफारस.

मी सर्जनना बोलावलं, मुलगा, सून आणि बाई सगळे एका खोलीत बसलो. सर्जन अनुभवी आहेत आणि सरळ बोलतात. तांत्रिकदृष्ट्या ऑपरेशन होण्यासारखं आहे, म्हणाले. पण हृदय, मधुमेह आणि नुकतंच गेलेलं रक्त पाहता ऑपरेशनमध्ये किंवा त्यानंतर जीव जाण्याचा धोका या बाईंना त्यांनी शंभरात तीन ते पाच धरला. वर, जठराचा मोठा भाग गेल्यावर एका वेळी चार घास, जेवणानंतर घाम आणि धडधड, वजन उतरणं.

दुसऱ्या पारड्यात काय होतं? रेषा ओलांडलेल्या रुग्णांसाठी २०१७ साली आणखी एक गुणपद्धत आली. लसवाहिन्यांत शिरकावाला ३ गुण. गाठ ३ सेंटिमीटरहून मोठी, तळाची कड साफ नाही, रक्तवाहिनीत शिरकाव आणि अर्ध्या मिलिमीटरच्या पुढची खोली, यांना प्रत्येकी १. शून्य किंवा एक गुण असेल तर लसग्रंथीत रोग असण्याची शक्यता २.५ टक्के, दोन ते चार असेल तर ६.७, पाच ते सात असेल तर २२.७. बाईंचा फक्त एक गुण, खोलीचा. आणि ज्यांनी पुढे कुठलाही उपचार घेतला नाही, अशा कमी गुणांच्या गटात पाच वर्षांत या कर्करोगाने न दगावलेले ९९.६ टक्के होते.

मुलगा हबकला होता. 'पुस्तकात ऑपरेशन लिहिलंय ना, मग करूनच टाकू,' असं तो तीनदा म्हणाला. त्याची भीती मला समजत होती: काही केलं नाही आणि उद्या रोग परतला, तर लोक विचारतील. मी कागदाच्या मध्ये उभी रेघ मारली. डावीकडे अडीच लिहिलं, उजवीकडे तीन ते पाच, आणि कागद बाईंपुढे सरकवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग मुलाला म्हणाल्या, 'अरे, हे वजाबाकीचं उदाहरण आहे. लहानातून मोठं वजा करायला सांगतोयस तू मला.' मग माझ्याकडे वळून, 'मला माझं जेवण प्रिय आहे डॉक्टर. राहू द्या पोट माझं. बघत राहा तुम्ही.'

नोंदीत मी लिहिलं: शिफारस केलेलं ऑपरेशन रुग्णाने पूर्ण माहिती घेऊन नाकारलं, आणि माझं वैद्यकीय मत तिच्याशी सहमत आहे. दुसरं अर्ध वाक्य मी मुद्दाम लिहिलं. पुढच्या कुणा डॉक्टरने फाईल उघडून 'रुग्ण ऐकत नाही' असा अर्थ लावू नये म्हणून. हाच निर्णय गुण चार किंवा पाच असता तर मी इतक्या सहज घेतला नसता, आणि बाई पंचावन्न वर्षांच्या असत्या तर ऑपरेशनचा आग्रह धरला असता, हेही तिथेच लिहून ठेवलं.

व्रण भरायला साधारण आठ आठवडे लागतात. तेवढा काळ आम्लता दाबणारी गोळी. नंतर जंतू मारायचा कोर्स. २००८ साली जपानमध्ये दुर्बिणीने गाठ काढलेल्या ५४४ जणांवर तुलना झाली होती. जंतू मारलेल्या गटात तीन वर्षांत ९ जणांना नवी गाठ आली, न मारलेल्या गटात २४ जणांना. म्हणून हा कोर्स टाळण्यासारखा नाही. त्यातल्या बिस्मथ या औषधानेही शी काळी होते, हे या वेळी मी आधी सांगितलं, आणि तो व्रण पूर्ण भरल्याचं दुर्बिणीत बघूनच सुरू केला. कोर्सनंतर श्वासाच्या चाचणीत जंतू गेलेला होता. हिमोग्लोबिन पुढच्या चार महिन्यांत १२.१ झालं.

दर सहा महिन्यांनी दुर्बीण, वर्षाला सीटी, असं ठरलं. दीड वर्ष झालं. जागेवर आता पांढुरका वण आहे, त्याकडे घड्या चांदणीसारख्या ओढलेल्या. मागच्या वेळी वणापासून दूर एक फिकट ठिपका दिसला, तुकडा घेतला, कर्करोग नव्हता. सीटीत लसग्रंथी वाढलेल्या नाहीत.

बाई पुन्हा देवळापर्यंत पायी जातात. पुढची तारीख जूनअखेर येत होती. त्यांनी कॅलेंडर पाहिलं आणि म्हणाल्या, तेव्हा माउलींची पालखी फलटणला मुक्कामाला असते, घरी वारकरी जेवायला असतात, पालखी पुढे गेली की येईन. मी जुलैची तारीख लिहून दिली.